मावशीच्या कपाटातली पेटी

१

पेटी सापडली ती मावशीच्या कपाटात, फिनाइलच्या बाटल्यांमागे, अंगावर जुनं पोतं पांघरलेली. कुलूप तुटलेलं, झाकण एका बाजूने वाकलेलं, आणि आत ठणठणाट.

वर्षभर ही पत्र्याची पेटी सरकारी नेमबाजी केंद्राच्या हॉलमध्ये, काउंटरला साखळीने बांधलेली असे. वर भिंतीवर पाटी होती, 'भाजलेल्या मुलांच्या वॉर्डासाठी'. सरावाला येणारे जाता-येता तिच्या फटीतून काही ना काही आत सरकवत. शिवाय वर्षातून एका रविवारी मदतीची नेमबाजी व्हायची. कुणीही यावं, पेटीत पैसे टाकावेत आणि पाच गोळ्या झाडून पाहाव्यात. दुसऱ्या दिवशी हॉस्पिटलची सिस्टर येई आणि तिच्यादेखत वर्षभराची पेटी उघडली जाई. कालचा रविवार दणक्यात पार पडला होता. आज सकाळी सिस्टर आली, खुर्चीत बसली, तिने चहासुद्धा घेतला. पेटी तेवढी आली नाही.

"शोधायला फार कष्ट पडले नाहीत," केंद्रप्रमुख म्हणाले. कधीकाळी ते खात्याच्या संघाचे कप्तान होते. संघ मोडला, नाव चिकटून राहिलं. "काल रात्री पेटी साखळीतून सोडवून या केबिनबाहेरच्या कपाटात ठेवली. त्या कपाटाची कडी म्हणजे नावाला कडी. सकाळी सगळ्यांच्या आधी कोण येतं? झाडणारी. पेटी कुणाकडे मिळाली? झाडणारीकडे. आता यात तपासायचं काय राहिलं, मॅडम?"

समोर बसलेली मॅडम मुख्य कार्यालयाच्या दक्षता शाखेतून आली होती. बाळंतपणाची रजा संपवून ती नुकतीच कामावर रुजू झाली होती आणि हे तिचं रजेनंतरचं पहिलंच प्रकरण. कोणतीही वस्तू दोन बोटांच्या टोकांनी, जपून उचलायच्या सवयीमुळे ऑफिसात तिला मागून 'चिमटा' म्हणत. तिला ते ठाऊक होतं. निघताना साहेब म्हणाले होते, "किरकोळ आहे. सही घेऊन या आणि परस्पर घरी जा, बाळ वाट बघत असेल."

सही घ्यायची होती ती राजीनाम्यावर. कागद कप्तानांच्या टेबलावर टाइप होऊन पडला होता. पाचच्या आत मावशीने सही केली तर पोलीस नाहीत. नाही केली तर पोलीस. आणि पुढच्या महिन्यात, इतक्या वर्षांनी, मावशीला नोकरीत कायम करण्याची ऑर्डर निघणार होती.

सरळ प्रकरण होतं. पण घरात बाळ अचानक गप्प झालं की ही बाई जशी धावत जाऊन बघे, तशीच सरळ प्रकरण दिसलं की ते उघडून बघे.

"पेटी बघू," ती म्हणाली.

२

पेटी टेबलावर आली. तिने लगेच हात लावला नाही. पर्समधून बाळाच्या ओल्या वाइप्सचं पाकीट काढलं.

कप्तान हसले. "इथे तसं स्वच्छ असतं हो."

"नसतं," ती म्हणाली. "इथल्या हवेत शिसं असतं. प्रत्येक गोळीमागे थोडं उडतं आणि मग सगळ्यावर बसतं. कपड्यांवरून घरी जातं. मी वाचलंय."

तिने फक्त वाचलं नव्हतं, रात्रीची झोप घालवून वाचलं होतं. घरी जाण्याआधी बदलायला कपड्यांचा दुसरा जोड तिच्या पिशवीत होता. आल्यापासून तिने हॉलचं हॅंडल पुसलं होतं, खुर्चीचे हात पुसले होते, भिंतीवरची पाटी आणि काउंटरची कडाही पुसून पाहिली होती. दर वेळी वाइप पेन्सिलीने गिरगटल्यासारखा करडा झाला होता. त्या वापरलेल्या वाइप्सचा एक लहानसा ढीग तिच्या पिशवीत, वेगळ्या प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला होता.

आता तिने पेटीचं हॅंडल पुसलं. मग झाकण. मग चारी बाजू. वाइप करडा झाला नाही. त्यावर एक पिवळसर, तुकतुकीत डाग उमटला. नाकाशी नेला तर वास उग्र. दुसरा वाइप काढून तिने पेटीचा तळ आतून पुसला. तो मात्र काळाकुट्ट निघाला.

"चोर हुशार असतात," कप्तान म्हणाले. "बोटांचे ठसे पुसून टाकले असणार."

दोन्ही वाइप तिने वेगवेगळे गुंडाळले आणि बाहेर आली.

मावशी व्हरांड्यातल्या बाकावर बसली होती. पाठ ताठ, पिशवी मांडीवर. शेजारचं तिचं कपाट सताड उघडं होतं आणि आतले झाडू उघडे पडल्यासारखे दिसत होते.

"कपाटाला कुलूप नसतं?"

"झाडूला कुलूप कोण लावतं, मॅडम?"

"ती पेटी कधी पुसायचा तुम्ही?"

"मी?" मावशीने तिच्याकडे असं पाहिलं, जणू या पोरीला शिकवून पाठवलंय की तशीच पाठवलीय. "पेटीला हात लावायचा नाही असं मला आल्या दिवशीच बजावलं होतं. वर्षभराची राख बसलेली असते तिच्यावर. माझा जीव खालीवर व्हायचा, पण नाही म्हणजे नाही."

"आणि पुसायला काय वापरता?"

"पाणी. फिनाइल. दुसरं कोण देतंय इथे?"

"तेल वगैरे?"

"तेल मी डोक्याला लावते. तेही आठवड्यातून एकदा."

सकाळी सगळ्यांच्या आधी आलात का, असं विचारल्यावर मावशी म्हणाली, "बसने उशीर केला. मी आले तेव्हा दिवे लागलेले होते. कुणी लावले ते बघायला गेले नाही, मला झाडायचं होतं." मग आवाज खाली आणून तिने विचारलं, "सही करू का, तेवढं सांगा. हिशेबाच्या बाई म्हणतात, कर, मी पुढचं बघते. त्या म्हणतात म्हणजे भल्याचंच म्हणत असतील. आजवर त्यांनी कुणाचं वाईट केलेलं नाही."

सगळ्यांशी चांगलं वागणारं माणूस. मॅडमच्या मनात पाल चुकचुकली, आणि आपण किती वाईट विचार करतो म्हणून तिची तिलाच लाज वाटली.

३

हिशेबाच्या बाई पन्नाशी ओलांडलेल्या, हसऱ्या, गोल चेहऱ्याच्या होत्या. त्यांनी खुर्ची स्वतः ओल्या फडक्याने पुसून पुढे केली. तेवढ्या एका कृतीने त्यांनी अर्धी लढाई जिंकली.

"कप्तानांनी सांगितलं मला, तू बाळाची आई आहेस म्हणून. अगं म्हणते हं, रागवू नकोस. काय आहे, मुलगा की मुलगी?"

"मुलगी. नऊ महिन्यांची."

"मग रांगते. मग तुझं डोकं ठिकाणावर नसणार." बाईंनी टेबलाचा खालचा खण ओढला. आत लहानसं दुकानच होतं. मोजे, रंगपेट्या, चांदीच्या कागदात बांधलेल्या वस्तू. त्यातून त्यांनी एक कापडी ससा काढला. "घे. धुता येतो, रंग जात नाही, मी दुकानदाराला खोदून विचारलंय. इथे ज्याच्या-त्याच्या घरी काही ना काही असतंच, म्हणून आणून ठेवते."

नको म्हणायला हवं होतं. ती "अहो, कशाला" म्हणाली, आणि तेवढ्यात ससा तिच्या पिशवीत गेलाही होता.

"मावशीचं काय वाटतं तुम्हाला?"

बाईंचे डोळे भरून आले. "गरिबीत बुद्धी फिरते, बाळा. पण पोलीस कशाला? पेटी गेली ती गेली. तिने सही करावी, मान खाली घालून दुसरीकडे लागावं. मी शब्द टाकलाय एके ठिकाणी. कुणाच्या पोटावर पाय यायला नको."

"काल किती गर्दी होती?"

"विचारू नकोस. लोक गोळ्या झाडायचे, खूश व्हायचे आणि त्याच काळ्या हातांनी परत पेटीत टाकायचे. पेटी हलवायला जड झाली होती."

मॅडमचा फोन वाजला. व्हिडिओवर सासूबाई. म्हणजे खरं तर सासूबाईंचं कपाळ, आणि त्याखाली लाल होऊन रडणारं बाळ.

"अगं, बाटली तोंडात घेत नाही. मी आपली वाटी-चमच्याने पाजू का?"

"आई, चमचा उकळलाय का?"

"तुझा नवरा न उकळलेल्या चमच्यानेच वाढलाय."

हिशेबाच्या बाई पुढे वाकल्या. "दे इकडे, मी बघते." पर्समधून त्यांनी किल्ल्यांचा जुडगा काढला आणि फोनसमोर खुळखुळवला. घराच्या किल्ल्या, कपाटाच्या किल्ल्या, मधे एक लांबलचक पितळी किल्ली, डोक्याला निळी पट्टी गुंडाळलेली. "कोण आलं? कोण आलं? बघ, बघ, निळी निळी!"

बाळ रडता रडता थांबलं. पडद्याकडे हात पसरून हसलं.

"बघितलंस? मुलांना हे लागतं," बाई म्हणाल्या. जुडगा परत पर्समध्ये गेला.

इतक्या चांगल्या बाईवर संशय घ्यायचा म्हणजे पापच. तिने त्यांचं नाव मनातल्या मनात खोडलं आणि उरलेल्या एका माणसाकडे निघाली. त्याच्याविषयी सगळेच जरा हळू आवाजात बोलत होते.

४

शस्त्रागाराला दार लोखंडी आणि शेजारी कमरेइतक्या उंचीवर सरकत्या जाळीची खिडकी, जाळी बाजूला सारलेली. खिडकीमागे उस्ताद बसला होता. बंदुका दुरुस्त करणं, साफ करणं, देणं-घेणं हे सगळं त्याच्याकडे. माणूस खुनशी दिसत होता, पण एखाद्याचे डोळे आत ओढलेले असले की तो खुनशी दिसतोच.

"आत येता येईल?"

"नाही."

"मी दक्षता शाखेतून आलेय."

"तरी नाही. आत फक्त ज्यांची नावं दारावर आहेत ते."

तिने हातातली पाण्याची स्टीलची बाटली खिडकीच्या कठड्यावर ठेवली आणि वही काढली. "काल संध्याकाळी काय झालं ते सांगा."

"काय व्हायचंय? गर्दी गेली. बंदुका परत आल्या. मोजल्या, पुसल्या, रॅकवर लावल्या. दार लागलं. घरी गेलो." बोलता बोलता त्याने कठड्यावरची बाटली उचलली, मांडीवरच्या फडक्याने तिला वरून खालपर्यंत एक हात मारला, बूड फिरवून पुसलं, आणि परत ठेवली. नजर तिच्याकडेच होती. हात काय करतायत हे त्याच्या गावीही नव्हतं.

"पेटी कुठे ठेवली होती?"

"कप्तानसाहेब सांगतात तिथे. कपाटात."

"तुम्ही पाहिलीत?"

"मी कपाटाकडे कशाला जाऊ?"

"सकाळी सगळ्यात आधी कोण आलं?"

"मी घड्याळ बघत नाही."

प्रत्येक उत्तर दार आपटल्यासारखं. ती निघाली. बाटली उचलली तर हातातून निसटायला लागली. झालं, आता हिचं काय करायचं, या बाटलीतलं पाणी आपण पितो आणि त्याच हातांनी बाळाला घेतो. तिने चिडून वाइप काढला आणि बाटली पुसली.

वाइपवर पिवळसर, तुकतुकीत डाग उमटला. वास उग्र.

ती वळली. "उस्ताद, तुम्ही माझी बाटली पुसलीत."

त्याने बाटलीकडे पाहिलं, मग फडक्याकडे. पहिल्यांदाच त्याच्या चेहऱ्यावर काहीतरी हललं. "सवय आहे. खिडकीवर धातू आला की तेलाचा हात मिळतोच. तेल नाही लावलं तर इथल्या दमटपणात चार दिवसांत गंज धरतो. बंदूक असो नाहीतर डबा."

"नाहीतर पेटी असो."

त्याने फडकं घडी करून मांडीवर ठेवलं.

"वर्षभर हॉलमध्ये पडून जिच्यावर राख साचली होती, ती पेटी बाहेरून तुमच्या तेलाने स्वच्छ झालीय. आतून काळी ती काळीच आहे. म्हणजे ती काल रात्री कपाटात नव्हती. या खिडकीतून आत गेली होती. तुम्ही तिला बंदुकीसारखी पुसून आत ठेवली."

"पेटी आत नव्हती." आवाज खूप हळू होता.

"या दाराची किल्ली कुणाकडे असते?"

हे त्याला सांगावंच लागलं, कारण ते दारावरच लिहिलेलं होतं. "दोन लागतात. एकदमच फिरवाव्या लागतात. ही माझी." त्याने कमरेची लांब पितळी किल्ली दाखवली. डोक्याला लाल पट्टी होती. "दुसरी कप्तानसाहेबांची. एकट्याने हे दार उघडत नाही, खुद्द मंत्री आले तरी."

म्हणजे चोर एक नव्हता. दोघं होते, आणि त्यातला दुसरा केबिनमध्ये मावशीचा राजीनामा टाइप करून बसला होता.

५

कप्तानांच्या केबिनमध्ये एसी नवा कोरा होता. मघाशी तिने त्याचा फक्त गारवा घेतला होता. आता किंमत डोळ्यांपुढे येत होती.

"तुमची शस्त्रागाराची किल्ली बघू."

कप्तानांनी एक खिसा चाचपला, मग दुसरा. "घरी राहिली वाटतं."

"आत्ता हॉलमध्ये सराव चालू आहे. बंदुका बाहेर आल्यात, म्हणजे सकाळी दार उघडलंय. तुमच्या किल्लीशिवाय उघडलं?"

"उघडलं असेल... म्हणजे, मी दिली असेल." एसी सुरू असून त्यांच्या ओठावर घाम होता. "मॅडम, तुम्ही भलतीकडे चाललाय. त्या पेटीशी माझा संबंध काय? काल मी पाहुण्यांबरोबर जेवायला निघून गेलो होतो. पेटी कपाटात ठेवा म्हणून सांगून गेलो."

"कुणाला सांगून गेलात?"

"सगळ्यांना. असं मोघमच."

"किल्ली कुणाकडे असते, कप्तान?"

त्यांनी दाराकडे पाहिलं. ही किल्ली दुसऱ्याच्या हातात गेली तर प्रमुखाने खुर्ची सोडायची, असा नियम होता. हेही शस्त्रागाराच्या दारावरच लिहिलेलं होतं.

"माझ्याकडेच," ते म्हणाले. "कायम माझ्याकडेच असते."

मग झालंच. तिने साहेबांना कळवायला फोन हातात घेतला. हेतू होता, संधी होती, किल्ली होती. तरीही बोट नंबरावर जाईना. एवढा आळशी माणूस मावशीच्याही आधी, पहाटे उठून इथे दिवे लावेल? ज्याला स्वतःच्या केबिनबाहेरच्या कपाटाची कडी दुरुस्त करवत नाही, तो?

फोन हातातच वाजला. सासूबाई.

"अगं ऐक, पुन्हा सुरू झालीय. चमचा उकळला, बाटली उकळली, आता मीच उकळायची राहिलेय. मघाशी त्या बाईंनी काय निळं निळं दाखवलं होतं, ते परत दाखव ना. ते बघून कशी चटकन गप्प बसली होती."

ती उभी होती ती खुर्चीत बसली. खुर्ची पुसायची राहिली.

"आई," ती म्हणाली, "थोडा वेळ तिला रडू द्या. मी परत लावते. आणि मी लावला की फोन तिच्यासमोर धरा, कपाळ नको."

६

तिने उस्ताद आणि हिशेबाच्या बाईंना कप्तानांच्या केबिनमध्ये बोलावलं. हॉस्पिटलची सिस्टर सकाळपासून बाहेर थांबली होती, तिलाही आत घेतलं. मावशी दाराशी उभी राहिली, कारण तिला बस म्हणायचं कुणाला सुचलं नाही.

मॅडमने आधी दोन वाइप टेबलावर उलगडले आणि तेलाचं सांगितलं. पेटी शस्त्रागारात होती, मावशीकडे दोन्हींपैकी एकही किल्ली नाही, सबब मावशीने ती घेतली नाही. इथपर्यंत कुणी हरकत घेतली नाही. मावशीने नुसता पिशवीचा बंद एका हातातून दुसऱ्या हातात घेतला.

"बिचारी," हिशेबाच्या बाई म्हणाल्या. "मला वाटतच होतं. मग हे कुणी केलं असेल गं?"

उत्तर द्यायच्या ऐवजी तिने घरी फोन लावला आणि टेबलावर उभा केला. पडद्यावर बाळ, तोंड वासून, केबिन दणाणून सोडणारं.

"बाई, मघासारखं कराल? तुमचंच ऐकते ती."

बाईंचा हात पर्सकडे गेला. तो आपसूकच गेला, रडणारं मूल दिसलं की जातो तसा. पर्सची चेन अर्धी उघडली. आणि तिथेच हात थांबला.

बाळ रडत होतं.

"दाखवा ना. मघाशी ती हसली होती."

"किल्ल्या... कुठे टाकल्या कोण जाणे," बाई म्हणाल्या.

"पर्समध्ये आहेत," मॅडम म्हणाली. "घराची, कपाटाची, आणि निळ्या पट्टीची."

कप्तानांनी डोळे मिटून घेतले. उस्ताद इतका वेळ जमिनीकडे पाहत होता. तो तसाच, वर न बघता म्हणाला, "दाखवून टाका, बाई. पोर रडतंय."

पुढचं त्यानेच सांगितलं. कपाटाची कडी कामाची नाही म्हणून काल संध्याकाळी त्यानेच पेटी खिडकीतून आत घेतली होती, चांगल्या हेतूने. बाईंना ते ठाऊक होतं. कप्तानसाहेबांची किल्ली कायम त्याच सांभाळत, दार दोघांनीच लावलं होतं. आज उजाडायच्या सुमारास त्यांनी त्याला फोन करून बोलावलं, सिस्टर यायच्या आत पेटी टेबलावर मांडून ठेवू म्हणाल्या. त्याने आपली किल्ली फिरवली, त्यांनी त्यांची. पेटी घेऊन त्या गेल्या. नंतर ती मावशीच्या कपाटात निघाली तेव्हा त्याला कळलं.

"आणि तुम्ही गप्प बसलात," मॅडम म्हणाली.

"माझ्या बायकोचं ऑपरेशन बाईंनी केलं होतं. म्हणजे पैसे त्यांनी दिले होते. कुठून आले ते मी विचारलं नाही. विचारलं असतं तर घेता आले नसते."

बाईंनी किल्ल्यांचा जुडगा टेबलावर ठेवला. रडल्या नाहीत. मघाशी मावशीसाठी भरून आलेले डोळे आता कोरडे होते.

"पेटीची दुसरी किल्ली माझ्याकडे वर्षानुवर्षं आहे," त्या म्हणाल्या. "आत कधी फारसं काही साठूच दिलं नाही. दर वर्षी थोडं ठेवायचे, दाखवण्यापुरतं. या वर्षी फार लोकांच्या अडचणी आल्या, तेवढंही उरलं नाही. सिस्टरने पेटी उघडली असती तर फक्त कालचे पैसे निघाले असते. वर्षभर टाकणाऱ्यांनी विचारलं असतं, आमचे कुठे गेले. म्हणून कुलूप तोडून चोरी दाखवली." मग त्यांनी कप्तानांच्या डोक्यावरच्या एसीकडे पाहिलं. "हाही त्यातलाच. कप्तानसाहेबांनी कर्मचारी कल्याण निधी म्हणून सही केली. असा निधी आपल्याकडे नाही, हे त्यांना माहीत होतं."

कप्तानांनी रिमोट उचलून एसी बंद केला.

"तुम्ही स्वतःसाठी काही घेतलं?" मॅडमने विचारलं.

"एक कप चहासुद्धा नाही." यात बाईंना अभिमान होता. "वॉर्डातली मुलं मी कधी पाहिली नाहीत. ही माणसं रोज समोर येतात. कुणाची फी थकलेली, कुणाच्या घरी आजारपण. समोरच्याला नाही म्हणवत नाही मला. तू आई आहेस, तुला कळेल."

मॅडमने पिशवीतून कापडी ससा काढला आणि पेटीशेजारी ठेवला. "मला कळलं ते एवढंच, की तुम्ही माझं तोंडही असंच बंद करणार होतात. आणि मी घेतलाही. अहवालात तेही लिहीन." तिने दाराकडे बोट दाखवलं. "सगळ्यांची अडचण बघितलीत, मग मावशीचं कपाट कसं निवडलंत?"

"तिला मी दुसरीकडे लावून देणारच होते. बोलणं झालं होतं."

दाराशी उभी असलेली मावशी पहिल्यांदा बोलली. "चोर म्हणून?"

बाईंनी पर्सची उघडी चेन ओढून बंद केली.

सिस्टर उठली. सकाळपासून बसून तिचा गणवेश चुरगळला होता. "तुमचं तुम्ही काय ते बघा. कालचे पैसे कुठे आहेत तेवढं सांगा. वॉर्डातलं मलम संपत आलंय."

"माझ्या घरी आहेत. हात लावलेला नाही," बाई म्हणाल्या. "निनावी देणगी म्हणून पाठवणार होते."

"मग नावासकट द्या," सिस्टर म्हणाली.

फोनमधलं बाळ केव्हा शांत झालं ते कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. पडद्यावर आता पुन्हा सासूबाईंचं कपाळ होतं. "अगं, ही झोपली. पण तुमच्या ऑफिसात भांडण कसलं चाललंय?"

७

पाच वाजायच्या आत एका कागदावर सही झाली खरी. पण तो राजीनामा नव्हता. मावशीचा जबाब होता, आणि तिने तो दोनदा वाचून घेतला. साहेबांचा फोन येऊन गेला. किरकोळ प्रकरण इतकं कसं वाढलं, असं त्यांनी विचारलं, आणि एसी कुणाच्या सहीचा, हे ऐकल्यावर बराच वेळ काही बोलले नाहीत. ते का बोलले नाहीत, याचाही विचार करायला हवा होता. तो मॅडमने उद्यावर टाकला.

फाटकापर्यंत ती मावशीबरोबर चालत आली.

"तुमच्या ऑर्डरला काही होणार नाही. मी तसं लिहिलंय."

मावशी मान हलवून पुढे गेली. फाटकाशी थांबली. "मॅडम, एक विचारू? गेल्या वर्षी माझ्या नातीला फळ्यावरचं दिसेना. बाईंनी तिला डॉक्टरकडे नेलं, चष्मा करून दिला. चांगला, महागातला. तोही..."

खोटं बोलता आलं असतं. दिवसभर इथे प्रत्येक जण तेच करत होता, आणि तेही कुणाच्या ना कुणाच्या भल्यासाठी.

"बहुतेक हो," मॅडम म्हणाली.

मावशीने रस्त्याकडे पाहिलं. बस आली, थांबली, आणि तिला न घेता गेली.

"चष्मा तिच्या डोळ्यावरून निघणार नाही," ती शेवटी म्हणाली. "तिला वाचायचंय. पैसे माझ्या पगारातून कापा, वॉर्डाला द्या. थोडे थोडे कापा."

"तसं करता येईल. मी बोलते."

"बोलू नका. लिहून द्या." मावशीने पिशवीतून पेन काढून पुढे केलं. "आणि दर महिन्याला पावती पाहिजे. तुम्ही बऱ्या आहात, मॅडम. पण बऱ्या तर बाईही होत्या."